मातृत्व रजेत राजीनामा द्यावा का?

बाळंतपणाच्या रजेत नोकरी सोडली तर मिळालेले पैसे परत करावे लागतील का, आणि पुन्हा रुजू व्हायचे नाही असे मनात असूनही पगार घेत राहणे ही फसवणूक आहे का, हे दोन प्रश्न नाशिकमध्ये माझ्याकडे येणाऱ्या नवमाता हमखास विचारतात. त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे देते.

त्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात होत्या आणि पती सातपूरला पाळीच्या नोकरीत होते. बाळ जेमतेम तीन महिन्यांचे होते. सासूबाईंना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बाळ उचलवत नव्हते आणि माहेर सिन्नरच्या पुढे असल्याने आईला शेती सोडून फार दिवस राहता येत नव्हते. "ताई, राजीनामा मोबाइलमध्ये लिहून ठेवलाय. रात्री दूध पाजताना उघडते, वाचते, बंद करते. हे म्हणतात, झेपत नसेल तर सोड, माझ्या पगारात भागवू. पण साहेबांनी एका शब्दावर रजा मंजूर केली होती, त्यांना काय तोंड दाखवू?"

मी लगेच नोकरीकडे वळले नाही. झोप किती मिळते, घास गिळवतो का, बाळाकडे पाहून काय वाटते, हे आधी विचारले आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी वापरली जाणारी १० प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात मागील ७ दिवसांतील मनःस्थिती विचारलेली असते. तिने निदान होत नाही, पण गुण जास्त आले असते तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते आणि राजीनाम्याचा विषय पुढे ढकलला असता. गुण तसे नव्हते. होते ते तुटक झोपेचे ओझे आणि उपकाराखाली दबल्याची भावना.

ही भावना दूर होणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. अपेक्षित प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केले की हा हक्क मिळतो, म्हणजे तो आधीच्या कामातून कमावलेला असतो. परत रुजू न झाल्यास रक्कम फेडावी, अशी अट कायद्यात नाही. साहेब मनाने चांगले असतील, आणि त्याबद्दल कृतज्ञता जरूर असावी, पण ही रजा त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेली भेट नव्हती. राजीनामा रजेतही देता येतो. मात्र तो ज्या दिवशी लागू होतो त्या दिवशी नोकरीचे नाते संपते आणि उरलेल्या आठवड्यांच्या पैशांवरून वाद उद्भवू शकतो, म्हणून तारीख घाईने टाकू नये, असे मी त्यांना सांगितले.

त्यांच्या बाबतीत तारखेला आणखी एक अर्थ होता. सेवेची ५ वर्षे पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते, आणि कायम नोकरीत राजीनामा देणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी साधारणपणे तेवढी सलग सेवा लागते. मातृत्व रजेचा काळ त्या सेवेत धरला जातो, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते, हेही त्या प्रथमच ऐकत होत्या. वास्तविक नेमणूक होतानाच या लाभांची लेखी माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे हे क्वचितच होते, याचे मला वारंवार वाईट वाटते.

त्यांनी पाळणाघराविषयी आणि काही काळ घरून काम करण्याविषयी लेखी अर्ज केला. घरून काम हे दोन्ही बाजूंच्या संमतीवर अवलंबून असते. बिले कागदी असल्याने ते नाकारले गेले आणि पाळणाघराबाबत नुसते आश्वासन मिळाले.

पुढच्या भेटीस मी पतींनाही बोलावले. त्यांचे "सोड" प्रेमातून आलेले होते यात शंका नाही, पण सोडल्यानंतर बाईंच्या हाती स्वतःचा पैसा किती राहील आणि त्या पुन्हा कामाला कधी लागतील, यावर घरात एक शब्दही झालेला नव्हता. ते बोलणे दोघांनी माझ्यासमोर केले, आणि ते सोपे गेले नाही.

अखेर त्यांनी नोकरी सोडली, पण ५ वर्षे पूर्ण झाल्यावर, करारातील नोटीस देऊन आणि साहेबांना आधी स्वतः भेटून. ग्रॅच्युइटीची रक्कम त्यांनी आपल्याच खात्यात ठेवली आहे आणि बाळ दीड वर्षाचे झाले की काम शोधायचे, असे पती-पत्नीने मिळून ठरवले आहे.