टॉर्च नंतर, आधी सेल दाखवा

मराठीत टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटातल्या सेललाही. त्यामुळे 'बॅटरी गेली, काय करू?' असं पत्र आलं की नक्की काय गेलं हे विचारण्यातच एक खेप वाया जाते. खाली टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल. रात्री बाहेर वापरायच्या लहान पण दमदार टॉर्चबद्दल तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की आता एकदाच बसून उत्तरं देतो.

प्रश्न : तळहातात मावणारी, १०,००० ल्यूमेनची, एका सेलवर सलग दहा तास चालणारी टॉर्च जाहिरातीत पाहिली. रात्रीच्या ट्रेकसाठी घेऊ का?

नको. कागद-पेन्सिल घ्या. ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा जो १८६५० सेल असतो, त्यात चांगल्या प्रतीचा असला तरी साधारण साडेबारा वॅट-तास ऊर्जा मावते. चांगली टॉर्च सगळी गळती धरून एका वॅटला १०० ल्यूमेनच्या आसपास उजेड देते. म्हणजे एका सेलमागे साडेबाराशे ल्यूमेन-तास. हजार ल्यूमेनवर सव्वा तास, शंभरवर साडेबारा तास, जसं वाटून घ्याल तसं. १०,००० ल्यूमेन दहा तास म्हणजे एक लाख ल्यूमेन-तास. त्याला असे ऐंशी सेल लागतील आणि नुसत्या सेलचंच वजन साडेतीन किलोच्या वर जाईल. तळहातात मावते म्हणे!

तीन-चार हजार ल्यूमेन खरोखर देणाऱ्या मुठीएवढ्या टॉर्च मिळतात, ते खोटं नाही. पण तो उजेड टिकतो एक-दोन मिनिटं. त्यासाठी तीस-चाळीस वॅट खर्च होतात, त्यातला मोठा भाग उष्णता होऊन बसतो आणि एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या नळकांड्याला ती बाहेर टाकणं जमत नाही. अंग चटका देऊ लागलं की आतलं सर्किट उजेड हजाराच्या आसपास, कधी त्याहूनही खाली आणतं. हा बिघाड नाही. तुमचा हात आणि एलईडी, दोन्ही वाचवण्याची सोय आहे. यावरून दुकानदाराशी भांडू नका. भांडायचंच तर खोक्यावरच्या आकड्यावरून भांडा.

त्या आकड्यातही मेख असते. टॉर्चच्या मोजमापासाठी ठरवलेल्या एफएल-१ या मानकात उजेड मोजतात तो टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी, आणि 'चालण्याचा वेळ' धरतात तो उजेड त्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. '२,००० ल्यूमेन, ३ तास' असं छापलेलं असलं तर तिसऱ्या तासाच्या शेवटी हातात २०० ल्यूमेन उरलेले असू शकतात. सगळं नियमात बसून. म्हणून वेळ आणि उजेडाचा आलेख मागा, आणि उजेडाच्या मधल्या पायरीवर टॉर्च किती तास टिकते ते विचारा. पायवाटेवर चालायला १०० ते ३०० ल्यूमेन पुरतात. तुमची वाट अवघड असेल तर ती आधी चाललेल्या गटप्रमुखाला विचारूनच ठरवा.

प्रश्न : खोक्यावर ४०० मीटर झोत लिहिलंय. इतक्या लांबचं खरंच दिसेल?

दिसेल, पण काय दिसेल ते ऐका. हे अंतर कँडेलावरून, म्हणजे झोत किती तीव्र आहे त्या मापावरून काढतात : कँडेलाचं वर्गमूळ, गुणिले दोन. ४०,००० कँडेलाचं वर्गमूळ २००, म्हणून ४०० मीटर. त्या टोकाला उजेड उरतो पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे काहीतरी उभं आहे एवढं कळेल. झुडूप आहे की म्हैस, ते कळणार नाही. कामाचं अंतर निम्मं धरा.

अंतर दुप्पट हवं असेल तर कँडेला चौपट लागतात, हेही लक्षात असू द्या. लांब झोताची टॉर्च चालताना मात्र त्रास देते : समोर एक पांढरा ठिपका, आणि पायाखालचा दगड अंधारात. शोधकार्यासाठी घेत असाल तर त्या पथकातल्या माणसाला विचारा. चालण्यासाठी असेल तर पसरट उजेडाची घ्या.

प्रश्न : आयपीएक्स-४ लिहिलेली टॉर्च पावसात चालेल ना?

आयपीएक्स म्हणजे पाण्यापासून किती बचाव होतो त्याची श्रेणी. पावसात चालेल, ओढ्यात पडली तर नाही. पाण्यात पडण्याचा संभव असेल तर निदान आयपीएक्स-७ पाहा : एक मीटर पाण्यात तीस मिनिटं.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल टॉर्चमध्ये वापरतो. एकाचं प्लास्टिकचं आवरण थोडं फाटलंय, पण सहा महिने काही झालेलं नाही. नवीन घ्यायचे तर ९,९०० एमएएचचे स्वस्तात मिळताहेत. काय करू?

सहा महिने! आधी तो सेल टॉर्चमधून काढा, मग पुढचं वाचा.

१८६५० सेलचं सबंध धातूचं अंग ऋण टोक असतं, तळही आणि बाजूही. धन टोक म्हणजे वरचं लहानसं बटण. बटण आणि भोवतीची कड यांच्यात एक-दोन मिलिमीटरचं अंतर आणि एक पातळ चकती. आवरण नेमकं त्या कडेवर फाटलं असेल आणि टॉर्चच्या आतला धातू तिथे टेकला, तर सेल सरळ शॉर्ट होतो. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवला तरी तेच. मग आतलं तापमान स्वतःच स्वतःला वाढवत नेतं आणि ते थांबवायला बटण नसतं. त्यातून तो सेल तुम्ही चारी बाजूंनी बंद, पाणी आत न जाऊ देणाऱ्या धातूच्या नळीत घालून फिरताय. अशा नळीला मी टॉर्च म्हणत नाही.

'काही झालेलं नाही' हे मला रोज ऐकवलं जातं. लिथियम-आयन सेल पूर्ण भरतो ४.२ व्होल्टला. अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमतं. बाहेरून काहीही दिसत नाही. लॅपटॉपमधला सेल किती दिवस रिकामा पडला होता, तुम्हाला सांगता येईल? दोन सेल एकापाठोपाठ लागणाऱ्या टॉर्चमध्ये एक जुना आणि एक नवा घातलात तर त्याहून वाईट. जुना आधी संपतो आणि नवा त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो.

आता ते ९,९००. खऱ्या १८६५० सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास असते. नवीनातले नवीन फार तर ४,०००. तेवढ्या डब्यात ९,९०० बसवण्याची विद्या कुणाला आली असती तर तिने रस्त्यावरच्या अर्ध्या मोटारी चालल्या असत्या, स्वस्त टॉर्चमध्ये ती सापडली नसती. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस ग्रॅम भरला तर आत काय आहे ते विचारू नका. रंगीत आवरणाखाली दुसरीकडून काढलेला जुना सेल निघतो, कधी त्याहूनही लहान सेल आणि बाकी भुकटी.

घ्यायचाच तर संरक्षक सर्किट असलेला, नावाजलेल्या उत्पादकाचा घ्या, आणि टॉर्चच्या माहितीपत्रकात त्याची लांबी बसते का पाहा. त्या सर्किटमुळे सेल तीन-चार मिलिमीटर लांब होतो आणि काही टॉर्चचं झाकणच लागत नाही. १४५०० नावाचा सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण दीड व्होल्टच्या जागी ३.७ व्होल्टचा. टॉर्च त्याच्यासाठी बनवलेली नसेल तर जळते. पेन्सिल सेलच्या चार्जरमध्ये लिथियम सेल कधीही नाही. शून्य अंशाखाली चार्जिंग नाही : बर्फातल्या मुक्कामी आधी सेल अंगाजवळ धरून ऊब द्या, मग तारेला लावा. गोडसर, रंगाच्या डब्यासारखा वास आला किंवा सुंसूं आवाज आला तर टॉर्च वाचवायला जाऊ नका, लांब व्हा.

तुमचे सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्या, केराच्या टोपलीत नाही. घरातल्या बाकीच्या सेलविषयी शंका असेल तर मोजमाप करून सांगणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. आज न्या.

प्रश्न : पिवळा उजेड धुकं कापतो, पांढरा नाही, असं मित्र म्हणतात. पिवळी काच लावू का?

मित्र म्हणतात! धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. काचेने फक्त उजेड कमी होईल. खरी अडचण टॉर्च कुठे धरता याची आहे. डोक्याला बांधलेल्या टॉर्चचा उजेड थेंबांवरून परत थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. टॉर्च काढून कमरेशी धरा, उजेडाची पायरी कमी करा, झोत जमिनीकडे. तीच वाट लगेच दिसू लागते. वाट त्यानंतरही दिसत नसेल तर प्रश्न टॉर्चचा नाही. थांबा.

प्रश्न : पाठपिशवीत टॉर्च आपोआप लागली आणि आतल्या जाकिटाला भोक पडलं. टॉर्च सदोष आहे का?

टॉर्च नव्हे, सवय. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. बहुतेक चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर वीज न वाहू देणारा थर असतो, त्यामुळे तेवढ्यानेच जोडणी तुटते. करून पाहा : झाकण सैल केल्यावर बटण दाबूनही उजेड आला नाही म्हणजे जमलं. आला, तर त्या टॉर्चला तो थर नाही, प्रवासात सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा. आणि एकदा इतकी तापलेली टॉर्च पुन्हा वापरण्याआधी तिचा सेल तपासून घ्या. वरचं व्याख्यान त्यासाठीच होतं.

प्रश्न : टॉर्च जुन्या केबलवर चार्ज होते, पण दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलवर होत नाही.

उत्पादकाने दोन रोधक (रेझिस्टर) वाचवले. दोन्हीकडे सी असलेली केबल आणि तिचा चार्जर 'पलीकडे कुणी आहे का' हे त्या रोधकांवरून ओळखतात. ते नसले की वीज सोडत नाहीत. जुनी केबल वापरा. जिथे इतकी काटकसर, तिथे चार्जिंगच्या सर्किटवर माझा फार विश्वास नाही. उशाशी लावून झोपू नका.

प्रश्न : लुकलुकणारा स्ट्रोब हवाच का?

नाही. गटात कुणाला अपस्मार असेल तर मुळीच नको, आणि त्याबाबत त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. संकटाची खूण करायला स्ट्रोब लागत नाही. डोंगरात मिनिटाला सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं म्हणजे कुणीतरी पाहिलं.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी मुलाने नवी टॉर्च जवळून डोळ्यात पाहिली. अजून मध्येच ठिपका दिसतो म्हणतो. किती ल्यूमेनपर्यंत सुरक्षित असतं?

नेत्रतज्ज्ञ. आज. ल्यूमेनचं नंतर बोलू.

प्रश्न : एक मोठी टॉर्च घेऊ की दोन लहान?

दोन लहान, एकाच जातीच्या सेलवर चालणाऱ्या. काळोखात एकीचा सेल बदलताना दुसरी दातांत धरता येते.