शाळेच्या भिंतीवर मुलं आणि चित्रकार मिळून चित्र काढणार आहेत. मुलांचा हात त्याला खरोखर लागावा म्हणून काय करावं?

तुमची साठ फुटांची भिंत आहे, दोन चित्रकार यायला तयार आहेत आणि मुलं फोटोपुरती ब्रश धरून उभी राहतील अशी धास्ती वाटतेय. धास्ती रास्त आहे. आमच्याकडे पहिल्या खेपेला नेमकं तेच झालं.

मी डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. तेव्हा शहरातून एक गट आला होता. त्यांनी तयार आराखडा प्रोजेक्टरने भिंतीवर टाकला, रेघा स्वतः मारल्या आणि मुलांना सांगितलं, एक नंबरच्या चौकटीत निळा, दोनमध्ये पिवळा. पोरांनी इमानेइतबारे भरलं. चित्र देखणं झालं, यात वाद नाही. आठवड्याने पाचवीतल्या एकाला विचारलं, यातलं तुझं कुठलं रे? म्हणाला, 'तो चार नंबर.'

दुसऱ्या वेळी जवळच्याच पाड्यावरच्या एका वारली चित्रकार ताईंना बोलावलं. त्यांनी पहिले दोन शनिवार भिंतीला हातच लावला नाही. मुलांना जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद दिले आणि म्हणाल्या, घरून शाळेत येताना काय काय दिसतं ते काढा. पहिल्या दिवशी झाडून सगळ्यांनी तारपा नाच, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच, काढला, कारण वारली म्हणजे तेवढंच असं पोरांच्या डोक्यात पक्कं. ताई हसल्या. 'सकाळी सात वाजता कोण नाचतं?' मग हळूहळू हापशीवरची हंड्यांची रांग आली, वीटभट्टी आली, चिकूच्या वाडीत शिडीवर चढलेली आई आली, लाल डब्याच्या दारात लोंबकळणारे कंडक्टर आले. भिंतीवर तेच गेलं. तारपाही राहिला, पण एका कोपऱ्यात.

वारलीच निवडा असं म्हणत नाही, पण ही शैली मुलांच्या हाताला बसते खरी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो, बाकी हातपाय म्हणजे रेघा. पहिलीतलं पोरही काढू शकतं. तरी ती 'सोपी डिझाईन' म्हणून वापरू नका. मुळात लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सुवासिनी चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहीत, मधे पालघट देवी. डहाणूतल्याच गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही कला कागद-कापडावर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या ताईंनी देवीचा चौक शाळेच्या भिंतीवर काढायला साफ नकार दिला. तो लग्नघरातला, इथे नाही, म्हणाल्या. आम्ही ऐकलं. तुमच्या भागात दुसरी कुठली कला असेल तर तिच्या माणसालाच बोलवा, आणि मानधन पहिल्या दिवसाआधी ठरवा. 'शाळेसाठीच आहे, समजून घ्या' हे वाक्य कृपा करून वापरू नका.

आता भिंतीचं. जुन्या चुन्यावर थेट रंग मारलात तर पोपडे सुटणारच. आधी घासून चुना काढा, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. वारलीचं मूळचं गेरू आणि तांदळाचं पीठ घरात शोभतं, उघड्यावर आमच्या कोकणातल्या पावसात एक आषाढ टिकत नाही. म्हणून आम्ही गेरूच्या छटेचं एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा तयार रंग, आणि पांढरा अॅक्रिलिक घेतला. आमच्या चाळीस बाय सात फुटांच्या भिंतीला, दोन हात मारून, आठेक लिटर गेरू रंग गेला. खरबरीत प्लास्टर रंग पितं. वारलीत वापरतात ती टोक ठेचलेली बांबूची काडी त्या प्लास्टरवर नीट ओढता येईना, म्हणून रेघांना बारीक गोल ब्रश आणि ठिपक्यांना काडी असं जमवलं. काम दिवाळीनंतर काढा. जूनमध्ये शाळा उघडताना उद्घाटन हवं म्हणून घाई करतात, ती भोवते.

एका वेळी दहा-बारा मुलंच भिंतीपाशी. खालचे तीन फूट पहिली-दुसरीचे, त्याच्या वर मोठ्यांचे, आणि शिडीवर फक्त चित्रकार. प्रत्येक गटाजवळ गेरू रंगाचा एक छोटा डबा हवाच. रेघ चुकली की त्याचा एक हात मारायचा, वाळला की पुन्हा काढायचं. हा डबा ठेवल्यापासून 'सर, तुम्हीच काढून द्या' हे ऐकू येणं जवळपास थांबलं. आणि चित्रकारांना आधीच बजावा की मुलाची वाकडी रेघ शाळा सुटल्यावर गुपचूप सरळ करायची नाही. पहिल्या गटाने केली होती. मुलांना दुसऱ्या दिवशी लगेच कळतं.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. संस्थेतल्या एकांना मधोमध सुविचार आणि देणगीदारांची नावं हवी होती. शेवटी नावांची पाटी फाटकाच्या खांबावर गेली. तुमच्याकडेही हा विषय निघेल, तेव्हा खांब आधीच हेरून ठेवा.

भिंत मात्र स्वतः निवडा. आम्हाला पहिल्यांदा दिली होती ती पाण्याच्या टाकीला लागून, मुतारीच्या पाठची. बारा महिने ओल, आणि चित्र बघायला कोणी थांबेल तर शपथ.