व्यावसायिक सायकलिंग संघातील ३० सायकलपटू वर्षभर काय करतात?

आपण विचारले आहे की मोठ्या सायकलिंग संघात सुमारे ३० सायकलपटू असतात, टूर द फ्रान्समध्ये त्यांतले आठच उतरतात आणि विजेता म्हणून एकाचेच नाव लागते. मग बाकीचे वर्षभर काय करतात आणि एवढे कर्मचारी कशासाठी लागतात? मी हा खेळ वर्षभर मन लावून पाहतो. माझ्या मते संघाची खरी कसोटी माणसांच्या वाटपात असते आणि ते वाटप टूरच्या कितीतरी आधी झालेले असते.

वर्ल्ड टूर या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींचा हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियातील टूर डाउन अंडरने सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये चीनमधील ग्वांगशी येथील शर्यतीने संपतो. एवढा काळ कोणत्याही शरीराला ऐन तयारीत ठेवता येत नाही. शिवाय शर्यती एकमेकींवर येतात: मार्चमध्ये फ्रान्समधील पॅरिस–नीस आणि इटलीतील तिरेनो–आद्रियातिको या शर्यती एकाच आठवड्यात चालू असतात, म्हणून संघाची दोन पथके आपापल्या मोटारी आणि मेकॅनिक घेऊन दोन देशांत असतात. एप्रिलमधील पॅरिस–रूबे या सुमारे २६० किलोमीटरच्या शर्यतीत ५० किलोमीटरहून अधिक रस्ता ओबडधोबड दगडांचा असतो. तेथे वजनदार, ताकदवान सायकलपटू लागतात; जुलैत आल्प्स चढणारे सडपातळ सायकलपटू त्या वेळी बहुधा वेगळ्याच तयारीत असतात. मे महिन्यात इटलीतील जिरो, जुलैत टूर आणि ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनमधील व्हुएल्ता या तिन्ही मोठ्या शर्यती प्रत्येकी २१ टप्प्यांच्या असतात. कोणी कोणत्या शर्यतीत उतरायचे, याचा आराखडा बहुतेक संघ डिसेंबर-जानेवारीच्या सराव शिबिरांतच आखतात.

आता एकट्याच्या विजयाविषयी. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने गेल्यास हवेचा विरोध खूप कमी होतो, म्हणून सहकारी आळीपाळीने वारा अंगावर घेतात आणि नेत्याची, म्हणजे ज्याला जिंकवायचे त्या सायकलपटूची, शक्ती अखेरच्या चढापर्यंत राखून ठेवतात. ते मोटारीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात आणि नेत्याचे चाक बिघडल्यास स्वतःचे देतात. या कामाचे मोल २०२३ साली स्पष्ट दिसले. त्या वर्षी युम्बो–विस्मा संघाने तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या आणि तसे करणारा तो पहिलाच संघ ठरला. त्याच संघातील सेप कुसने मे महिन्यात प्रिमोज रोग्लिचसाठी आणि जुलैत योनास विंगेगोसाठी डोंगरात राबून दोघांच्या विजयाला हातभार लावला, आणि व्हुएल्तामध्ये सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेतील आघाडी त्याच्याच हाती आली. आंग्लिरूच्या चढावर मात्र त्याच दोघा सहकाऱ्यांनी त्याला मागे टाकले आणि त्याची आघाडी केवळ ८ सेकंदांवर आली. त्यानंतर संघाने कुसच्या पाठीशी उभे राहण्याचे ठरवले आणि तो १७ सेकंदांनी जिंकला. संघाच्या मदतीवरील त्याचा हक्क मान्य झाला, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो.

मोठ्या संघात कर्मचारी बहुधा सायकलपटूंहून अधिक असतात. क्रीडा संचालक मोटारीतून रेडिओवर डावपेच सांगतो. मेकॅनिक रोज सायकली धुऊन तपासतात. स्वान्यर म्हणवले जाणारे मदतनीस मालिश करतात, खाद्यपदार्थांच्या पिशव्या भरून ठरलेल्या जागी हातात देतात आणि टप्पा संपताच थकलेल्या सायकलपटूला सावरतात. पॅरिस–रूबेत तर संघाची माणसे दगडी पट्ट्यांच्या टोकांना सुटी चाके घेऊन उभी असतात, कारण त्या अरुंद रस्त्यांवर संघाची मोटार वेळेत पोहोचेल याची खात्री नसते. याशिवाय डॉक्टर, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि आचारी असतात.

हा सारा खर्च मुख्यतः प्रायोजक उचलतात, कारण रस्त्याकडेच्या प्रेक्षकांना तिकीट नसते. प्रायोजक टिकवायचा तर मोठ्या शर्यतींतील प्रवेश टिकवावा लागतो, आणि तो तीन वर्षांच्या एकत्रित गुणांवर ठरतो. २०२३ पासून त्यासाठी प्रत्येक संघातील सर्वोत्तम २० सायकलपटूंचे गुण धरले जातात. पूर्वी १० जणांचे धरले जात. म्हणूनच टूरला न गेलेले सायकलपटू ऑगस्टनंतरच्या लहान एकदिवसीय शर्यतींतही पाचव्या-सहाव्या स्थानासाठी जीव तोडून झगडतात. २०२२ च्या अखेरीस लोटो–सूदाल आणि इस्रायल–प्रीमियर टेक हे दोन नावाजलेले संघ गुण कमी पडल्यामुळे वर्ल्ड टूरच्या पहिल्या श्रेणीतून खाली गेले होते.