लॉग : वखारीतला, जहाजावरचा आणि दप्तरातला

प्रश्न : माझे वडील सरकारी जीपवर चालक होते आणि लॉगबुकात दिवसभराचे किलोमीटर भरल्याशिवाय ते गाडीची चावी जमा करत नसत. माझी मुलगी अकरावीला आहे. तिच्या दप्तरात लॉग टेबल असते. मी स्वतः कार्यालयात सकाळी संगणकावर लॉगिन करतो, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाकडाच्या वखारीत न चिरलेल्या ओंडक्यालाही लॉगच म्हणतात. हा एकच शब्द आहे की निरनिराळे?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण सांगितलेल्या चार लॉगांपैकी तीन एकाच कुळातले आहेत. चौथा, म्हणजे आपल्या मुलीच्या दप्तरातला, केवळ नामसाधर्म्यामुळे त्यांच्या पंक्तीला येऊन बसला आहे. या कुळाचा मूळपुरुष मात्र वखारीतला ओंडका आहे, आणि त्याच्यापासून आपल्या वडिलांच्या लॉगबुकापर्यंतची वाट समुद्रावरून जाते.

पंचगंगेच्या घाटावर मुले पाण्यात काटकी सोडतात आणि तिच्या बरोबरीने काठाकाठाने चालत जातात, तेव्हा काठ स्थिर असतो आणि काटकी पुढे जाते, म्हणून पाण्याचा वेग कळतो. भर समुद्रात काठच नसल्यामुळे खलाशांनी हीच युक्ती उलटी वापरली. जहाजाच्या पिछाडीवरून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा, तो जवळजवळ जागच्या जागी तरंगत राहतो आणि जहाज त्याच्यापासून दूर जाते. ठरलेल्या वेळात ते किती दूर गेले हे मोजले की जहाजाचा वेग मिळतो. या लाकडालाच लॉग म्हणत. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ मध्ये छापलेल्या नौकानयनावरील पुस्तकात या पद्धतीचे वर्णन केले आहे. पुढे ओंडक्याची जागा पाव वर्तुळाच्या आकाराच्या फळीने घेतली. फळी पाण्यात उभी राहावी आणि जहाजामागे ओढली जाऊ नये, यासाठी तिच्या गोल कडेला शिसे बसवलेले असे. वस्तू बदलली, तरी नाव ओंडक्याचेच राहिले.

फळीला बांधलेली लांब दोरी रहाटावरून सुटत जाई आणि त्या दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या असत. एक खलाशी वाळूचे घड्याळ धरून उभा राही, दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. घड्याळ २८ सेकंदांचे असेल तर दोन गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच ठेवत, कारण २८ सेकंदांचे एका तासाशी जे प्रमाण, तेच या अंतराचे सागरी मैलाशी पडते. त्यामुळे जितक्या गाठी हातातून गेल्या तितके सागरी मैल दर ताशी, इतका सरळ हिशेब होई. गाठ म्हणजे इंग्रजीत नॉट, आणि वेगाचे एकक असलेला नॉट तो हाच. तो ताशी १.८५२ किलोमीटर भरतो. चक्रीवादळाच्या बातम्यांमध्ये ‘ताशी ४० नॉट’ असे छापलेले दिसते, ते चुकीचे आहे. नॉट या शब्दात तास आधीच धरलेला असल्यामुळे नुसते ‘४० नॉट’ पुरते.

मोजलेला वेग, धरलेली दिशा आणि वारा यांची नोंद खलाशी आधी खडूने पाटीवर करत आणि नंतर ती वहीत उतरवत. लॉगचे आकडे ज्या वहीत उतरत, ती लॉगबुक. किनारा दिसत नसताना जहाज कोठे पोहोचले असेल याचा अंदाज या आकड्यांवरूनच बांधला जात असल्यामुळे, एखादी नोंद चुकली तर जहाज खडकावर जाण्याचा धोका असे. उपकरणाचे नाव असे मापनावरून नोंदीला मिळाले. हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर ठेवत आणि ते भरून बुडायला जो २४ मिनिटांचा वेळ लागे त्याला घटका म्हणत. ‘लग्नाची घटका जवळ आली’ म्हणताना मुळातले भांडे कोणाच्या ध्यानात नसते, आणि लॉगबुक भरताना लाकूडही नसते.

जहाजावरून ही वही विमानात, मोटारीत आणि कारखान्याच्या बॉयलरपाशी गेली. लॉग हे क्रियापदही झाले आणि त्याचा अर्थ नोंद करणे असा ठरला. संगणक वापरणाऱ्याने आपली हजेरी नोंदवून आत जाणे ते लॉगिन. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे आर्पानेटवरचा, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरचा, पहिला संदेश पाठवला जात होता, तो ‘लॉगिन’ हाच शब्द होता. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. इंटरनेटचा आरंभ अशा रीतीने या शब्दाच्या अर्ध्या उच्चाराने झाला, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. ब्लॉग हा वेबलॉगचा संक्षेप असल्यामुळे तोही याच कुळातला आहे.

आता लॉग टेबल. तेथील लॉग हा लॉगरिदम या शब्दाचा संक्षेप आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये ही संकल्पना प्रसिद्ध केली आणि लोगोस म्हणजे गुणोत्तर व अरिथ्मोस म्हणजे संख्या या ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. लाकडाशी त्याचा संबंध नाही. तरीही या दोन लॉगांची गाठ जहाजावरच पडली. नेपिअर यांच्या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर नौकानयनाचे गणिती एडवर्ड राइट यांनी केले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले, कारण मोठमोठे गुणाकार बेरजेने सोडवण्याची निकड खलाशांना होती. एकाच जहाजावर एक लॉग दोरीला बांधून पाण्यात आणि दुसरा आकड्यांच्या कोष्टकात, असे ते काम करत राहिले.

लॉगला मराठीत रोजनिशी म्हणावे का, असेही काही जण विचारतात. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही, कारण रोजनिशी रात्री आठवून लिहिता येते, लॉग मात्र ज्या क्षणी मोजले त्याच क्षणी लिहायचा असतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडून ४३ फुटांच्या धोक्याकडे सरकू लागते, तेव्हा वेळेसह जे आकडे लिहिले जातात तो खरा लॉग होय. त्याला ‘वेळनोंद’ हा शब्द मी सुचवीन.