“पोरगं रँकच्या मागं लागलंय, मॅडम”

“गेममध्ये एवढं डोकं चालतं, मग अभ्यासात का नाही चालत?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला सतत ऐकायला मिळतो. कळवा, घणसोली, घोडबंदर रोड, खारघर, पत्ते वेगवेगळे, वाक्य तेच. त्यात राग असतो आणि थोडा लपलेला अभिमानही असतो. मुलगा कशात तरी पटाईत आहे हे आईबापांनी पाहिलेलं असतं, म्हणून तर जास्त जीव जळतो.

कोपरखैरण्याच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाला सुमित म्हणू. वडील एपीएमसीच्या भाजी मार्केटात माथाडी, गाव साताऱ्याकडचं. आई घरी शिवणकाम करते. सुमित दहावीत. सहामाहीला गणित आणि सायन्समध्ये गडगडला आणि त्याच सुमारास आईच्या मोबाइलची बॅटरी रोज सकाळी शून्यावर का येते, याचाही उलगडा झाला. वडील रात्री अडीचच्या सुमारास मार्केटला निघाले की हा आईच्या उशाजवळचा फोन उचलायचा आणि मोरीच्या दाराशी बसून बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळायचा. मामाने गेम उडवून टाकला, पण आयडी शाबूत होता, त्यामुळे तासाभरात सगळं जिथल्या तिथे. वडिलांनी एकदा हातही उचलला होता. ते त्यांनी आपणहून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

“रँकच्या मागं लागलंय पोरगं, मॅडम. ती रँक काय खायला घालती का?”

अशा वेळी मी मुलाला पहिल्यांदा एवढंच म्हणते, मला तुझी रँक दाखव. सुमितला आधी तो सापळाच वाटला. मग आईकडून फोन घेऊन त्याने प्रोफाइल उघडलं आणि शिडी समजावली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस (पत्त्यातला एक्का). सगळ्यात वर कॉन्करर, आणि ते सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशे जणांनाच. तो स्वतः डायमंडच्या वरच्या टोकाला होता. एसला सहाशे पॉइंट कमी.

मग दप्तरातून एक लाँगबुक बाहेर आलं. मागच्या पानांवर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, मॅप, कितवा आलो, पॉइंट. अधिक एकोणीस, उणे आठ, अधिक अकरा. पानाच्या तळाशी बेरीज, पुढच्या पानाच्या माथ्यावर “मागील पानावरून”. सहामाहीला गणितात काठावर सुटलेल्या मुलाच्या या बेरजा मी तिथेच तपासल्या. एकही चूक नव्हती.

वडिलांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ उलटत बसले. “हे पुढल्या पानावर न्यायचं कुणी शिकवलं?” सुमित म्हणाला, “तुमच्या डायरीत बघितलं.” माथाडींचा हिशोब गोणीवर चालतो. रोज किती गोण्या झाल्या ते हे गृहस्थ खिशातल्या डायरीत लिहितात, वर्षानुवर्षं. मला यावर काही बोलावं लागलं नाही.

पालकांना स्कोअर ही सगळी एकाच जातीची भानगड वाटते. तसं नाही. १९७८ साली एका जपानी कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स हा नाणं टाकून मशीनवर खेळायचा गेम आला, त्यात आजवरचा सर्वांत मोठा आकडा पडद्यावर वर दिसायचा. तो आकडा त्या मशीनचा. बऱ्याच मशीनची वीज गेली की तो पुसलाही जायचा. ऐंशीच्या दशकात अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम बनवणारी कंपनी खेळाडूंना कापडी बिल्ले पाठवत असे. १९८२च्या पिटफॉल या गेममध्ये वीस हजार पॉइंट करायचे, टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पोस्टाने पाठवायचा, बिल्ला घरी यायचा. तो शर्टावर शिवला की विषय संपला. पुढे घरच्या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनपैकी २००५मध्ये एक्सबॉक्स ३६०ने अचिव्हमेंट, म्हणजे गेममधल्या कामगिरीची खूण, आणल्या आणि २००८मध्ये प्लेस्टेशन ३ने तशाच ट्रॉफ्या. तेव्हापासून आकडा माणसाच्या नावाला चिकटला आणि गेम बदलला तरी सोबत येऊ लागला. तरी या ट्रॉफ्यांची एक यादी असते. एका गेमच्या सगळ्या मिळवल्या की प्लॅटिनम मिळते, आणि यादी संपते.

माझ्याकडे एकदा खारघरच्या एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. बँकेत अधिकारी, चाळिशी ओलांडलेले, आणि रात्री ट्रॉफ्या गोळा करणारे. “ट्रॉफ्या म्हणे! शोकेसमध्ये ठेवता तरी येतात का?” मी त्यांना विचारलं, प्लॅटिनम मिळाली की काय करतात? म्हणाल्या, “झोपतात. मग महिनाभर हातही लावत नाहीत.” त्या गृहस्थांना मी बोलावलंच नाही.

सुमितची शिडी वेगळी होती. तिथे दोनेक महिन्यांनी सीझन बदलतो आणि सगळ्यांची रँक खाली उतरते. कॉन्करर तर कमावूनही टिकत नाही, कारण त्या पाचशे जागा बाकीचे किती खेळतात यावर ठरतात. तुम्ही झोपलात की कुणीतरी तुमच्या पुढे जातो. म्हणून मुलाच्या गेममधला आकडा कुठे संपतो का, की तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे पालकांनी आधी विचारावं असं माझं मत आहे. किती तास खेळतो हा प्रश्न त्यानंतरचा. दुसऱ्या प्रकारात मुलाचा निश्चय कच्चा आहे म्हणून तो अडकतो असं नव्हे. ती रचनाच रोज परत बोलावण्यासाठी केलेली असते.

वयाची आडकाठी होती, पण कागदावर. २०२३मध्ये हा गेम भारतात परत सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. सुमितचा आयडी मामाच्या जन्मतारखेवर होता. म्हणजे ज्या मामाने गेम उडवला, त्याच्याच कृपेने तो चालू होता. आई हे ऐकून पहिल्यांदा हसली.

मी सुमितला त्याच वहीतून सरासरी काढायला सांगितली. एका मॅचला सहा पॉइंट आली, कारण हरल्यावर कापलेले पॉइंटही त्याने इमानदारीने लिहिले होते. एसला सहाशे हवेत, म्हणजे शंभर मॅच. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची, म्हणजे पन्नास तास. त्याने पेन खाली ठेवलं. “आणि तोवर सीझन संपतो,” तो म्हणाला. मग थोडा थांबून, “रात्रीच्या मॅच काढल्या तर सरासरी आठच्या वर जाते, मॅडम. रात्री झोप येते ना, मरतो लवकर.” रात्रीचं खेळणं बंद करा, असं घरातल्या प्रत्येकाने त्याला बजावून झालं होतं. ते पटलं ते या आकड्यावर.

घरातही एक शिडी लागली होती. “पंच्याऐंशी टक्के पाड, नवा मोबाइल घेतो,” असं वडिलांनी कबूल केलं होतं, आणि प्रत्येक युनिट टेस्टचे मार्क गावाकडच्या काकांपर्यंत फोनवर पोचत. बक्षिसाबाबत मी पालकांना नेहमी एक जुना प्रयोग सांगते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३मध्ये प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी सांगून सर्टिफिकेट दिलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. न सांगता सर्टिफिकेट मिळालेल्यांचं तसं झालं नाही. गणित सुमितला कधीच आवडत नव्हतं, तिथे हा प्रयोग लावण्यात अर्थ नाही. पण सायन्स आवडायचं. आईच्या शिलाई मशीनची मोटर त्याने सातवीत उघडून परत जोडली होती. मोबाइलची बोली लागल्यापासून सायन्सचं पुस्तक म्हणजे नुसते टक्के झाले होते. वडिलांनी ती बोली मागे घेतली. सोपं नव्हतं. शब्द फिरवल्यासारखं वाटतं, म्हणाले. मोबाइल घ्यायचा तर अकरावीत गरज म्हणून घेऊ, टक्क्यांशी संबंध नाही, असं ठरलं.

वडिलांना आणखी एक काम दिलं होतं: सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून एक अख्खी मॅच बघायची, मध्ये उपदेश नाही. पुढच्या वेळी आईने नक्कल करून दाखवली. पाच मिनिटं “ह्यातला आपला कुठला?” आणि त्यानंतर “आरं मागं बघ, मागं!”

गणितासाठी दुसरी वही केली. रोज दहा उदाहरणं, बरोबर किती, चूक किती, त्याच संध्याकाळी लिहायचं. शाळा तीन महिन्यांनी सांगते ते अर्ध्या तासात कळलं तर मुलं टिकतात, असा माझा हिशोब. अशा युक्त्या फार दिवस चालत नाहीत हेही मला माहीत आहे. सुमितची वही दिवाळीनंतर रिकामीच राहिली. पण तोवर रात्रीची झोप जागेवर आली होती.

“हा आजार आहे का?” हे वडिलांनी अगदी शेवटी, उठता उठता विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंग डिसऑर्डर आहे. त्यासाठी तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा झालेला, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच. हे साधारण बारा महिने टिकलेलं असावं लागतं आणि घर, शाळा, मैत्री यांवर त्याचा ठळक परिणाम दिसावा लागतो. सुमितचं प्रकरण काही महिन्यांचं होतं. तो क्लास बुडवत नव्हता, कबड्डीला जात होता, गणपतीत मंडळाच्या ढोलावर होता. म्हणून आजार नाही म्हटलं. पण मुलाने आंघोळ-जेवण सोडलं असेल, शाळेत जाणं थांबवलं असेल, फोन काढल्यावर जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर समुपदेशकाच्या तारखेची वाट बघू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सुमितला दहावीला चौऱ्याहत्तर टक्के पडले. काकांना कमी वाटले. गेम त्याने सोडला नाही, आणि मी सोडायला सांगितलाही नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी खेळून त्याने एस गाठलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. पुढचा सीझन सुरू झाला त्या दिवशी दुसरा मेसेज आला, त्यात गेम कंपनीला घातलेल्या शिव्या होत्या. त्या इथे छापण्याजोग्या नाहीत.