जपानची नववर्षाची लॉटरीवाली पोस्टकार्डं (नेंगाजो) जमवायची आहेत. भारतात बसून कशी मिळतील, आणि कोरी घ्यावीत की वापरलेली?

वापरलेली घ्या. कोणी काहीही सांगो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि जुना राग वर आला, म्हणून लिहायला बसलोय. पहिल्या भागाचंही सांगतो, पण आधी हे.

2016 ते 2019 मी टोकियोत नोकरीला होतो, राहायला निशी-कासाईला. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहायचे. येता-जाता मान झुकवायची, कचरा कोणत्या वाराला कोणता टाकायचा यावरून आजींची बोलणी खायची, एवढीच ओळख. 1 जानेवारी 2018 ला सकाळी पत्रपेटीत सहा कार्डांचा रबरबँड लावलेला गठ्ठा आला. 25 डिसेंबरच्या आत टाकलेली कार्डं तिथलं पोस्ट सांभाळून ठेवतं आणि 1 तारखेला सगळ्या देशात वाटतं, त्यासाठी शाळेतली पोरंसुद्धा हंगामी कामावर घेतात. गठ्ठ्यात सगळ्यात वर आजींचं कार्ड. ब्रशपेनने माझं आडनाव लिहिलेलं. जपानीत कुलकर्णीचं 'कुरुकारुनी' होतं, आणि त्यातला शेवटचा 'नी' जागा संपल्यामुळे चिमुकला. एक मजला चढून हातात देता आलं असतं की! पण नाही, पोस्टातूनच यायला हवं आणि 1 तारखेलाच पोचायला हवं. खाली लॉटरीचा नंबर, तो ज्याला कार्ड आलं त्याचा.

आता मुद्दा. त्या कार्डावर शिक्का नव्हता. हंगामात टाकलेल्या पोस्टाच्या छापील नेंगाजोवर शिक्का मारतच नाहीत. इतक्या कोटी कार्डांवर मारायचा म्हटलं तर 1 तारीख कुठली गाठतायत! स्वतः बनवलेल्या कार्डावर तिकीट चिकटवून टाकलं तर 1 जानेवारीचा शिक्का मिळतो, तो वेगळा विषय.

मार्चमध्ये सुट्टीवर पुण्याला आलो तेव्हा ते कार्ड मी एका ज्येष्ठ संग्राहकांना कौतुकाने दाखवायला नेलं. नाव सांगत नाही, काका म्हणू. काकांनी भिंग लावलं, कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "शिक्का कुठाय? हे टपालातून गेलेलंच नाही. पेनाने लिहून खराब केलेलं कोरं कार्ड आहे हे." मी म्हटलं, अहो काका, माझ्या पेटीत पडलंय, मी स्वतः काढलंय. "तू काढलंस ते तुला माहीत. कार्डावर काय पुरावा?"

मग मी दुसरं काढलं. 2017 च्या जूनमध्ये तिथलं साधं पोस्टकार्ड 52 येनवरून 62 वर गेलं होतं. नेंगाजो मात्र 52 लाच ठेवलं, पण फक्त 15 डिसेंबर ते 7 जानेवारी. त्यानंतर टाकलं तर वर 10 येनचं तिकीट लावायचं. ऑफिसातल्या एका मित्राने माझं कार्ड जानेवारीच्या मधल्या आठवड्यात कधीतरी आठवण झाल्यावर टाकलं आणि तिकीट लावायला विसरला. ते माझ्याकडून 10 येन मागणारी चिठ्ठी घेऊन आलं, आणि वर काळाकुट्ट गोल शिक्का. काकांचा चेहरा खुलला. "हां! याला म्हणतात वापरलेलं!"

म्हणजे बघा, जे वेळेवर, बिनचूक, नेमाने पोचलं ते खराब केलेलं. आणि जे उशिरा, कमी पैशांत, आळशीपणाने आलं ते अस्सल. हा न्याय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. शिक्का मारायचाच नाही असा जिथे नियम आहे, तिथे शिक्का नसणं हाच पुरावा. आपल्याकडच्या अल्बमांमध्ये इंग्रज आमदानीची टपालशिस्त भरलीये आणि तीच फूटपट्टी सगळ्या जगाला लावतात.

असो. मिळण्याचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानच्या पोस्टात आणि किराणा-बिराणा मिळतो त्या चोवीस तास दुकानांत मिळतात, मग बंद. ओळखीतलं कोणी तिकडे असेल तर ऑक्टोबरातच सांगून ठेवा. 2024 च्या ऑक्टोबरपासून किंमत 85 येन आहे. जुनी हवी असतील तर ऑनलाइन लिलाव. उरलेली कोरी कार्डं लोक ठेवत नाहीत, थोडी फी भरून (माझ्या वेळी 5 येन) साध्या कार्डांत नाहीतर तिकिटांत बदलून घेतात. पण म्हणून 'दुर्मिळ' म्हणणाऱ्या विक्रेत्याला भुलू नका. 2004 सालासाठी 446 कोटींच्या आसपास कार्डं काढली होती. 2025 साठी सुरुवातीला 107 कोटी, म्हणजे घसरण मोठी, तरी 107 कोटी! मर्यादा तारखेची आहे, संख्येची नाही. दाम मोजायचे तर 1950 च्या पहिल्या कार्डांसाठी मोजा, त्या वर्षी सगळ्यात मोठं बक्षीस शिलाई मशीन होतं.

सुरुवात मेंढीपासून करा. तिकडे दर साल एका प्राण्याचं, बारा प्राणी आळीपाळीने येतात, आणि कार्डावरही बहुधा तोच. 2003 च्या कार्डावरच्या छापील तिकिटात मेंढी विणत बसलीये. बारा वर्षांनी पुन्हा मेंढीचं साल आलं, 2015, तेव्हाच्या तिकिटात तिने तो मफलर गळ्यात घातलाय. दोन्ही शेजारी लावून बघा.

एक-दोन गोष्टी राहिल्या. प्रदर्शनात फ्रेम लावायची असेल तर कोरी कार्डंही लागतील, परीक्षकांत काका असतातच. आणि जुन्या कार्डावर आज पत्ता लिहून 'वापरलेलं' म्हणून विकणारे आहेत, त्यामुळे काकांचं अगदीच चूक होतं असं नाही म्हणत. वापरलेल्या कार्डांचे फोटो टाकताना पत्ते झाका.

माझ्या अल्बममध्ये 2019 च्या पानावर त्या सालच्या रानडुकराचं कार्ड नाही. घरात कोणी गेलं की आपल्यासारखंच तिकडेही त्या वर्षी सण नसतो, नेंगाजो धाडत नाहीत, तसं आधीच कळवतात. 2018 च्या नोव्हेंबरात आजींचं करड्या फुलांचं कार्ड आलं. एक मजला खाली आजोबा गेले होते आणि मला पत्ता नव्हता. त्या पानावर ते कार्ड आहे.

हो, आणि त्याच 2018 साठी मी काकांनाही एक पाठवलं होतं. 52 च्या कार्डावर 18 येनचं तिकीट, परदेशी पोस्टकार्डाचे 70 पुरे करायला पोस्ट ते मुद्दाम काढायचं. त्यावर शिक्का बसला, काका खूश. जानेवारीत सोडत झाली. मी सलग नंबरांची दहा कार्डं घेतली होती, म्हणून काकांचा नंबर मला माहीत होता. शेवटचे दोन आकडे जुळले! बक्षीस म्हणजे छोटी तिकीटशीट, जी विकत मिळत नाही, फक्त जिंकूनच मिळते. काकांना फोन केला, कार्ड पाठवून द्या, जुलैच्या आत पोस्टात दाखवून शीट आणतो.

"छे," काका म्हणाले, "बक्षीस लागलेलं कार्ड म्हणजे तर आणखीच दुर्मिळ."

शंभरात तीन कार्डांना ते बक्षीस असतं. जुलै उलटला, कार्ड अजून त्यांच्याकडेच आहे.