उत्पन्न अचानक बंद झालं तर घरखर्च नेमका कुठे कमी करावा? अशा वेळी दागिने मोडणं योग्य आहे का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मी सोडूनच देणार होते. ज्याच्या घरात पैसा यायचा थांबलाय त्याला खर्च कुठं कमी करायचा हे शिकवावं लागत नाही, स्वयंपाकघरातले डबेच सांगतात. इथल्या बाकीच्या उत्तरांत हॉटेल बंद करा, ओटीटी बंद करा असं लिहिलंय. बंद करायला ज्यांच्याकडं एवढं आहे, त्यांची अडचण अजून सुरू व्हायचीय. मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या वाक्यासाठी. दागिने मोडावेत का? हो, मोडावेत, आणि लवकर मोडावेत. आमच्या घरात या एका गोष्टीवरून २०२० पासून वाद चालू आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात तो परत निघाला, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे उत्तर तयारच होतं. विचारणारं कुणी नव्हतं, ते तुम्ही भेटलात.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. दोन एकर द्राक्षबाग, थोडी ज्वारी, एक म्हैस, सासूबाई आणि दोन मुलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या बागांत दावण्या रोग घुसला, फुलोऱ्यातले घड कुजून गळाले. ज्यांच्या बागा वाचल्या त्या फवारून वाचल्या, म्हणजे औषध दुकानाच्या उधारीवर वाचल्या. आमची त्यातलीच. मार्चात माल तयार झाला. दलाल आला, घड बघितले, किलोला पस्तीस रुपये ठरवून इसार देऊन गेला. आणि टाळेबंदी लागली. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या, त्यामुळं सांगली जिल्ह्यातला माल म्हटलं की पुढं उतरवून घ्यायला कुणी तयार होईना. दलालाचा फोन आधी "दोन दिवस थांबा" म्हणायचा, नंतर नुसताच वाजायचा. दुसरा एक आला तो दहा रुपये म्हणाला, आणि तेही माल विकल्यावर.

द्राक्ष कुणासाठी वेलीवर थांबत नाही. मग इकडं जे सगळ्यांनी केलं ते आम्हीही केलं, बेदाणा घातला. बाहेरचे मजूर गावाकडं निघून गेलेले. आमचे हे, मी, सासूबाई, शाळा बंद म्हणून मुलं आणि गल्लीतल्या चार बायका. घड लवकर वाळावेत म्हणून मी त्यांचे क्रेट कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची, बायका शेडच्या जाळ्यांवर घड पसरायच्या. संध्याकाळी गंधकाची धुरी. त्या पाण्यानं बोटांची सालं निघाली होती, भाकरी थापताना पिठातलं मीठही झोंबायचं. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो, त्यामुळं डोळ्यादेखत बाग आटत जाते. वाळला की जाळ्या झाडायच्या, काड्या काढायच्या, हिरवा-पिवळा-काळा वेगळा करायचा आणि पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स भरून कोल्ड स्टोरेजला लावायचे. एवढं करून हातात काय, तर पावती. सौदे आधी बंद होते, उघडले तेव्हा दर मनासारखा नव्हता.

त्या पावतीवर बाजार समितीचं शेतमाल तारण घेतलं, म्हणजे साठवलेला माल गहाण ठेवून कर्ज. वर्षाला सहा टक्के, मुदत १८० दिवस. ही योजना ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी ती माहीत करून घ्यावी, बाकीचं माझं पुराण नाही वाचलं तरी चालेल. त्या पैशातून खरड छाटणीची (माल निघाल्यावरच्या छाटणीची) मजुरी आणि औषध दुकानाचं निम्मं देणं भागलं. राहिलं गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवायची मुभा दिली होती आणि पीककर्जाचीही मुदत वाढली होती. गावात अर्ध्या लोकांना वाटलं, माफीच झाली. हप्ते थांबले होते, व्याज थांबलं नव्हतं. आणि वाढवलेली मुदतही कधीतरी संपतेच. सोसायटीचं मुदतीत भरलं तर नवं-जुनं होतं, म्हणजे जुनं फिटून नवं कर्ज मिळतं, व्याजात सवलत मिळते. चुकलं की थकबाकीदार, मग पुढच्या हंगामाला दारोदार फिरा. शेतकऱ्याला सगळ्यात स्वस्त पैसा तोच. पुढं २०२१ पासून तर वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याज शून्यच झालं. स्वस्त कर्जाचं दार बंद होऊ द्यायचं नाही, त्यासाठी काय वाटेल ते करावं, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून मी पाटल्या काढल्या.

इथून वाद सुरू. थोरले दीर सांगलीत मास्तर आहेत. टाळेबंदीत उशिरा का होईना, पगार येत होता. ह्यांना फोनवर म्हणाले, "अरे, दागिना मोडला म्हणजे घर बसल्याची दवंडीच पिटली की. माझ्या ओळखीचा एकजण आहे, महिना शेकडा तीननं देतो. कागद नाही, काही नाही. वर्षभरात फेडून टाक. आणि खर्चाला जरा हात आखडा." हात आखडा! महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसानं, वर्षातून एकदा पैसा बघणाऱ्याला काटकसर शिकवू नये. सासूबाईंचं वेगळंच, "मोकळ्या हातानं फिरणार व्हय गं चारचौघांत?" मी काचेच्या बांगड्या भरल्या, हात मोकळे काही राहिले नाहीत.

आता मला सोन्याचं एवढं काही वाटत नाही, त्याला कारण माझं माहेर. मी विट्याकडची. खानापूर-आटपाडी म्हणजे पाऊस नसलेला मुलूख. तिथली माणसं सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली आणि देशभर पसरली, कुठल्याही सराफ पेठेत गलाईच्या दुकानात आमच्याकडचा माणूस सापडतो. १९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा खडी फोडायच्या कामावर होते, घरात सरकारनं वाटलेली सुकडी आणि मिलो ही परदेशी ज्वारी खाऊन दिवस काढले. त्यानंतर वडील चुलत्यामागं तमिळनाडूत जाऊन भट्टीपुढं बसले. सराफांच्या दुकानातली झाडलेली धूळ विकत घेऊन त्यातला सोन्याचा कण वेगळा करायचा, हे त्यांचं काम. सुट्टीला आम्ही तिकडं जायचो तेव्हा लोकांचे दागिने मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात जाताना बघितलेत. वडील म्हणायचे, "मुशीत पडलं की राणीहार काय नि फुटकी बाळी काय, वजन तेवढं खरं." पाटल्या त्यांनीच घातलेल्या. मी फोनवर सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "लाखेच्या हायत त्या, लाख काढून वजन करायला सांगितलंस का?"

सांगितलं. सराफानं आधी कसोटीवर घासून बघितलं, मग माझ्यासमोर कात्रीनं पाटली कापली. आतून तांबडी लाख भुगा होऊन कागदावर पडली. तिथं माझ्या पोटात कालवलं, नाही असं नाही. लाख काढून निव्वळ सोनं साडेतीन तोळे भरलं. तेव्हा तोळा पन्नास हजारांच्या पुढं होता, पण तो शुद्ध सोन्याचा भाव. आपल्या बावीस कॅरेटचा हिशेब करून, घट (गाळताना होणारी तूट) धरून एक लाख साठ हजार हातात आले. एक सांगते, दागिना मोडायला जाताना पावती न्या, दोन दुकानांत वजन करा, आणि "त्याबदल्यात नवीन घ्या, घट लावत नाही" असं कुणी म्हणालं तर उठून या. तुम्ही रोख न्यायला गेलाय. त्याच दिवशी सोसायटीचं भरलं.

आणि आता लग्नातली गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं. मांडवात पंगत बसलेली, थोरले दीर चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "त्या पाटल्या ठेवल्या असत्या तर आज तीन लाखांच्या वर गेल्या असत्या. पण ऐकतंय कोण." लोक हसले. मी वाढत होते, हातात आमटीची बादली. काही बोलले नाही. म्हणून इथं बोलते.

त्यांच्याच ओळखीच्या माणसाचा शेकडा तीन धरा. एक लाख साठ हजारांवर महिन्याला चार हजार आठशे. वर्षाला सत्तावन्न हजार सहाशे. पाच वर्षं धरली तर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार नुसतं व्याज, आणि मूळ एक लाख साठ तिथंच उभं. म्हणजे साडेचार लाखांचं देणं अंगावर घेऊन तीन लाखांच्या पाटल्या घालून मी मांडवात मिरवायचं. "वर्षभरात फेडून टाक" म्हणणं सोपं आहे. शेकडा तीनचं कर्ज वर्षात फेडलेला शेतकरी मी अजून बघितला नाही. त्याचं व्याजच फेडत बसतात, मग एक दिवस तो माणूस बांधावर येऊन उभा राहतो. सोन्याचा भाव वाढतो हे सगळ्यांना दिसतं कारण तो पेपरात छापून येतो. व्याजाचा आकडा पेपरात येत नाही.

खरी गोष्ट अशी आहे की तंगी लपवायला पैसे लागतात. दागिना अंगावर ठेवायचा म्हणून कर्ज, लग्नात आहेर कमी दिसू नये म्हणून कर्ज, जत्रेला पाहुण्यांची पंगत चुकू नये म्हणून कर्ज. २०२० मध्ये सरकारनं लग्नाला पन्नास माणसांची अट घातली आणि कितीतरी बापांचं कर्ज आपोआप वाचलं. तेव्हा कुणाचं लग्न अडलं नाही. आता परत पाचशे पानं उठायला लागलीत.

मी काय केलं ते सांगते. किराणा दुकानदार, औषध दुकानदार, मुलांच्या क्लासचे सर, सगळ्यांकडं त्यांनी मागायच्या आधी स्वतः गेले. कोल्ड स्टोरेजची पावती दाखवली आणि सांगितलं, दिवाळीच्या झिरो पेमेंटला पैसे देते. (तासगाव-सांगलीच्या बेदाणा बाजारात दिवाळीआधी व्यापाऱ्यांनी सगळ्यांची देणी चुकती करायची असतात, तोपर्यंत सौदे बंद राहतात, त्याला झिरो पेमेंट म्हणतात.) किराणावाल्यानं वही मिटून ठेवली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलंत तरी. बाकीचे रस्ता बदलून जातात." दिवाळीला त्याचे पैसे पोचले. उधारी मागणाऱ्याला तोंड चुकवलं की तो व्याज लावतो, समोर जाऊन तारीख सांगितली की बहुतेक वेळा थांबतो. सगळेच थांबतील असं नाही. क्लासचे सर थांबले नाहीत, पोराला क्लासमधून काढलं, घरी शिकला.

खर्चाचं विचारलंय म्हणून एवढंच. ते वर्ष आमचं म्हशीवर निघालं. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. रक्कम लहान, पण त्यात तेल-मीठ, साबण, गॅस, मोबाईलचं रिचार्ज बसायचं. घरात काहीतरी एक असं हवं ज्याचे पैसे थोडे पण लवकर-लवकर येतात. शिलाई मशीन असू दे, डबे असू देत, शिकवणी असू दे. शहरात म्हैस कुठली, हे मला कळतं. पण महिन्याच्या पगाराशिवाय दुसरी वाट नसणं हा खर्चाचा प्रश्न नाही, आणि तो भाजी एकवेळ करून सुटत नाही. जेवणात काटकसर सगळ्यात शेवटी करा. आमच्याकडं ती बायकांच्याच ताटात होते, हे सासूबाईंच्या ताटाकडं बघून मला कळलं. त्यानंतर सगळे एकत्र जेवायला बसायचं असा नियम मी घातला. तोही काहींना आवडला नाही.

आता एक-दोन गोष्टी राहिल्या. बँकेच्या सोनेतारणाला मी नावं ठेवत नाही. चार-सहा महिन्यांत पैसा येणार हे नक्की असेल, म्हणजे बिल अडकलंय, पगार थकलाय, तर बँकेत तारण ठेवा, मोडू नका. मी बोलतेय ते खासगी, बिनकागदाच्या व्याजाबद्दल. आम्ही कोल्ड स्टोरेजच्या मालावर आधीच तारण घेतलं होतं, आणखी एक डोक्यावर घ्यायची माझी तयारी नव्हती. दुसरं, दागिना ज्या बाईचा तिनंच ठरवायचं. नवऱ्यानं कपाटातून काढून नेला तर ते मोडणं नव्हे, त्याला दुसरा शब्द आहे. आणि बचत गट असेल तर आधी तिथं विचारा, आमच्या गटात महिना शेकडा दोन आहे, पण ते व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेरीस वाटून परत येतं.

खाली तुम्ही एलआयसीची पॉलिसी बंद करू का असंही विचारलंय. लगेच मोडू नका. किती वर्षं हप्ते भरलेत ते बघा आणि शाखेत जाऊन विचारा की ती पेड-अप करता येईल का, म्हणजे पुढचे हप्ते भरायचे नाहीत, पण भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीला मिळते. पॉलिसीवर कर्जही मिळतं, सावकारापेक्षा पुष्कळ स्वस्त. हे मला थोरल्या दिरांनीच सांगितलं होतं आणि बरोबर सांगितलं होतं. विम्यातलं त्यांना कळतं. सोन्यातलं नाही.